शेतातल्या महादेवाला पॉइंट न्हाईत

गंगासागरबाई : कोपरानं?

शिवांजली : कोपरानं, आजी. अख्खं कोपर ठेवलं बटनांवर. सगळी बटनं एकदम दाबली आन् माझं गुपित धाडकन उघडं.

गंगासागरबाई : मग तू काय म्हणालीस त्या विजयसिंहाला?

शिवांजली : काय म्हणणार? गप बसले.

गंगासागरबाई : गप बसलीस! माझी नात असून! आण ती तुरीची परात इकडं. निवडता निवडता सांग. डाळीत खडे, डोळ्यात पाणी, दोन्ही संगं चालत न्हाईत. एक काय ते ठरीव.

शिवांजली : पाणी न्हाई, राग हाय.

गंगासागरबाई : मग बस. राग असला की खडे चांगले दिसतेत. आता मला पहिल्यापासून समजू दे. तू त्या कंप्युटरच्या मशीनवर खेळ करायलीस, बरोबर? मी म्हणते केजला जीपनं जाऊन, फी भरून, पोरीनं खेळ शिकायचा? तुझा बाप दुकानात कापड फाडून फाडून मेला.

शिवांजली : खेळ खेळायला न्हाई शिकत मी. खेळ बनवायला शिकते. मशीनच्या बेसिक भाषेत. एकेक ओळ लिहायची, मशीन तसं वागतं. सर म्हणले, प्रत्येकानं आपापल्या खेळात एक गुपित दडवायचं. ज्याचं गुपित भारी, त्याला उन्हाळ्याची सगळी सुट्टी रंगीत मशीन. सकाळची पाळी, एकट्याला.

गंगासागरबाई : आन् न्हाई मिळालं तर?

शिवांजली : तर सुट्टीत मशीनच न्हाई. पोरं आठ-आठ जण कोंडाळं करून बसतेत, माझा नंबर येईपर्यंत लाईट जाती. विसरून जाईन मी सगळं, आजी.

गंगासागरबाई : आन् तुझं गुपित काय होतं?

शिवांजली : एस दाबलं की खेळातली बाई उडायची. शिवांजलीचा एस.

गंगासागरबाई : दाराला कडी लावली आन् कडीवर आपलंच नाव लिहिलं! कोपर तरी कशाला पायजे?

शिवांजली : हास तू पण.

गंगासागरबाई : हासत न्हाई. म्हंजे, हासायले, पर मायेनं. आता काय, संपलं?

शिवांजली : सरांनी रविवारी परत एकदा आणायला सांगितलंय. लाईट जाईपर्यंत पोरांना सापडलं न्हाई पायजे.

गंगासागरबाई : मग सोपं हाय की. असं दडव, त्याच्या बापजन्मात सापडू नये.

शिवांजली : तिथंच गोम हाय. सरांची दुसरी अट हाय. पोरं सोडून तिथल्या कुणाला तरी सापडलंबी पायजे, न सांगता. कुणालाच न्हाई सापडलं तर ते दडवणं न्हाई म्हणले, ते हरवणं झालं.

गंगासागरबाई : हा तुझा सर बरा बोलतूय. लग्न झालंय का त्याचं?

शिवांजली : आजी!

गंगासागरबाई : इचारलं नुसतं. दाखीव खेळ.

शिवांजली : कशात दाखवू? मशीन केजात हाय.

गंगासागरबाई : परातीत दाखीव. तुझं मशीन चौकोनी, माझं गोल. तेवढाच फरक.

शिवांजली : बरं. ही परात म्हंजे आपलं कापसाचं रान. हा तुरीचा दाणा म्हंजे बाई.

गंगासागरबाई : बाई अशी? डोस्कं न्हाई, पाय न्हाई?

शिवांजली : मशीनवर तर ठिपकाच हाय. दाणा बरा म्हण. हे शेंगदाणे म्हंजे बोंडं. बाईनं बोंड वेचलं की एक पॉइंट. हा खडा म्हंजे रानडुक्कर, ते बाईच्या मागं लागतं. शिवलं की बाई मेली.

गंगासागरबाई : आन् मधी काय ठेवायलीस ती? माझी तेलाची पळी हाय ती. पुसली का?

शिवांजली : पुसली. हा आपल्या रानातला महादेव. पळीची वाटी म्हंजे पिंड, दांडी म्हंजे तीर्थाची पन्हळ. हा गुळाचा खडा नंदी. मी खेळातबी तसंच काढलंय, एक चौकोन आन् बाजूला निघालेली रेघ. आडोसा म्हून. डुक्कर आलं की बाई देवळाभोवती पळती. तसा त्याला पॉइंट न्हाई.

गंगासागरबाई : महादेवाला पॉइंट न्हाई?

शिवांजली : न्हाई. आता बघ, डुक्कर आलं, बाई पळाली, अशी गोल फिरून...

गंगासागरबाई : ए!

शिवांजली : आई गं! मारलंस कावून?

गंगासागरबाई : पन्हळ ओलांडलीस!

शिवांजली : आजी, पळी हाय ती.

गंगासागरबाई : पळी असंल न्हाई तर झारा असंल. तूच म्हणालीस न्हवं महादेव म्हून? त्या पन्हळीतनं देवाचं तीर्थ वाहतं. नंदीपासून निघायचं, पन्हळीपाशी थांबायचं, माघारी फिरायचं. मग दुसऱ्या अंगानं पन्हळीला जायचं आन् फिरून परत नंदीपाशी. ओलांडायची न्हाई. चालायला यायच्या आधीपासून माझ्या संगं येतीस तू, एवढं कळंना?

शिवांजली : कळतंय की. देवळात मी कधी ओलांडते का?

गंगासागरबाई : मग हितं कावून ओलांडलीस?

शिवांजली : हितं... हितं खेळ हाय म्हून.

गंगासागरबाई : ध्यान कुठं असतं तुझं? बघायलीस काय अशी? लागलं का लई?

शिवांजली : आजी, परत मार.

गंगासागरबाई : आँ?

शिवांजली : परत मार! तुझा हात कसा उठला? तू इचार करून उठवलास का?

गंगासागरबाई : इचार कशाला करायचा? पन्हळीवरनं पाय गेला की हात उठतो. माझी सासू तर काठी फेकायची.

शिवांजली : तेच की! आजी, हेच गुपित. बाई महादेवाभोवती रीतीनं फिरली, न ओलांडता, तरच उघडायचं. सगळ्यांना माहीत हाय, आन् खेळायला बसलं की एकाच्याबी ध्यानात येत न्हाई. माझ्याच न्हाई आलं, मी तर ते देऊळ काढलंय!

गंगासागरबाई : आन् विजयसिंहाच्या कोपराला?

शिवांजली : कोपराला कुठं रीत कळती?

गंगासागरबाई : आता कशी माझी नात दिसायलीस! मग लिही तसं. बाई रीतीनं फिरली की उघड म्हून सांग मशीनला.

शिवांजली : एवढं सोपं न्हाई. मशीनला फक्त आत्ताचं कळतं. बाई ह्या जागेवर हाय, बास. मघाशी कुठं होती, कुठल्या अंगानं आली, सगळं विसरतं.

गंगासागरबाई : तुझ्या आजोबाची जात दिसती त्याची.

शिवांजली : मग त्याला कसं कळावं बाई फिरून आली का ओलांडून आली?

गंगासागरबाई : मी बाजारात जाताना मीठ ध्यानात राहावं म्हून काय करते?

शिवांजली : पदराला गाठ मारतीस.

गंगासागरबाई : मग मार की गाठ. तुझ्या मशीनला पदर न्हाई का?

शिवांजली : गाठ... थांब, थांब. बाई ह्या अंगानं पन्हळीला पोचली, एक गाठ.

गंगासागरबाई : माघारी फिरून त्या अंगानं पोचली, दुसरी गाठ. नंदीपाशी आली की गाठी बघ. दोन्ही असल्या तर उघड.

शिवांजली : आन् ओलांडली तर?

गंगासागरबाई : ओलांडली तर सगळ्या गाठी सोड. जा म्हणावं, पहिल्यापासून ये.

शिवांजली : पेन कुठं हाय? जाऊ दे, ध्यानात राहील. पन्हळीपाशी आली तर गाठ बरोबर एक. ओलांडली तर गाठ बरोबर शून्य. आजी, मी खरंच त्याचं नाव गाठ ठेवणार! बाकीची पोरं ए, बी, सी ठेवतेत.

गंगासागरबाई : ठेव. पर एक सांग, एखाद्यानं चुकून तसंच फिरवलं तर? आंधळ्याला सापडल्यावानी?

शिवांजली : ते बी हाय.

गंगासागरबाई : न्हाई व्हायचं तसं. मागं डुक्कर लागल्यावर माघारी कोण फिरतंय? समदे पुढं पळतेल आन् ओलांडतेल. ते डुक्कर हाय तसं राहू दे, लई कामाचं हाय.

शिवांजली : आन् उघडल्यावर काय व्हावं? सांग तू.

गंगासागरबाई : मी सांगू? मग असं कर, सगळं रान फुटू दे. हितनं तिथनं पांढरं. वेचायला बायका पुरू नयेत. आन् घंटा वाजव.

शिवांजली : आन् डुक्कर?

गंगासागरबाई : नंदीच्या शेजारी बसू दे त्याला. किती पळवशील बिचाऱ्याला?

शिवांजली : आजी, एवढं सगळं खरं, पर सापडणार कुणाला? कुणाला तरी सापडाया पायजे.

गंगासागरबाई : तुझ्या सरांची आई असती का तिथं? कुणीबी चार पावसाळे पाहिलेली बाई येऊ दे. बघितलं की ओरडंल. मी सांगते ना. रविवारी मीबी येते.

शिवांजली : ये, पर एक अट हाय. ज्याला आधीपासून माहीत हाय, त्यानं तोंडातनं शब्द काढला की मी बाद.

गंगासागरबाई : न्हाई काढणार.

शिवांजली : आजी...

गंगासागरबाई : काय आजी? मला गप बसता येत न्हाई व्हय?

शिवांजली : मी अजून पाहिलं न्हाई.

(रविवार. केजचा कंप्युटर क्लास. रंगीत मशीनपुढं विजयसिंह, त्याच्यामागं शिवांजली उभी. भिंतीकडच्या बाकड्यावर गंगासागरबाई आणि त्यांची धाकटी जाऊ छबुबाई. सर दारात, हातात घड्याळ.)

छबुबाई : थोरल्या बाई, चपला बाहेर काढायला लावल्या, आत हे एवढं गार, बोलायचं ते हळू. हे देऊळ हाय का शाळा हाय? मी आपली बांगड्या भरायला आलते. म्हणलं तुमच्याच जीपमधी जागा हाय तर यावं, जाताना संगं जाऊ. अजून किती वेळ हाय हो?

गंगासागरबाई : हं.

छबुबाई : हं काय? आरं बाबा, तू काय करायलास त्या पेटीसंगं? कोपर कावून घासायलास?

विजयसिंह : गुपित काढायलोय, आजी. हिनं दडवलंय. आत्ता काढतो बघा, बिनधास्त. मागच्या खेपेला असंच निघालं होतं.

शिवांजली : कोपरानं काही होणार नाही या वेळी.

विजयसिंह : दिसायलंय. बरं, सगळी बोंडं वेचली की उघडतं का? वेचली. नाही. एकही न वेचता कोपऱ्यात उभं राहिलं की? नाही. डुकराला मुद्दाम शिवलं की? मेली बाई. काय बे, काय लावलंस हे?

शिवांजली : बे म्हणायचं नाही.

विजयसिंह : बरं, काय हो मॅडम, काय लावलंत हे?

छबुबाई : सापडंना व्हय रे? थोरल्या बाई, तुमी सांगा की त्याला काहीतरी. एरवी तुमी समद्यांना सगळं सांगता.

गंगासागरबाई : हं.

छबुबाई : आता हे काय? पोरी, तुझ्या आजीला बरं हाय न्हवं? जीपमधनं उतरल्यापासून एक शब्द न्हाई. माझ्या लग्नापासून मी ह्यांना अशा पाहिल्या न्हाईत. माझ्या लग्नातबी बोलत होत्या.

शिवांजली : बरं हाय, काकीआजी. घसा बसलाय.

छबुबाई : ह्यांचा? घसा?

शिवांजली : (बाकड्यापाशी येऊन, कानात) आजी, सरांची आई मघाशी आली, बघून गेली. चष्मा विसरला म्हणाली. तू म्हणालीस कुणीबी बाई येऊ दे. बाराला लाईट जाती. आता कोण येणार?

गंगासागरबाई : हं! हं!

शिवांजली : पदर तोंडात धर, पर बोलू नको.

विजयसिंह : सर, हिनं काही दडवलंच नाही! नुसतं आहे म्हणून सांगितलंय. खाली रान, वर रान, मधी एक देऊळ, त्याला पॉइंट नाही. दडवायला जागा कुठं आहे?

छबुबाई : देऊळ? कुठं हाय देऊळ? सरक जरा. हे चौकोनी? कुणाचं रे?

विजयसिंह : महादेवाचं असेल. हा बाहेर नंदी दिसतोय. ही रेघ म्हणजे पन्हळ. नुसती सजावट आहे, आजी. डुक्कर आलं की आपण याच्याभोवती पळायचं, हे असं गोल...

छबुबाई : आरं आरं आरं! थांब! मेल्या, ओलांडलीस की!

विजयसिंह : काय?

छबुबाई : पन्हळ! सरळ तंगडी टाकून गेलास! कुणाचा रे तू? घरात कुणी म्हातारं हाय का न्हाई?

विजयसिंह : अहो, गेम आहे हा.

छबुबाई : गेम असंल तुझा. महादेव तुझा हाय का? फिरीव तिला, नीट फिरीव. माझ्यासमोर असलं चालायचं न्हाई.

विजयसिंह : घ्या, तुम्हीच चालवा मग.

छबुबाई : मी न्हाई बाई हात लावणार. मी सांगते, तू फिरीव. हां, नंदीपाशी ने. आता चाल. चाल, चाल, पन्हळ आली. थांब! आता फीर माघारी.

विजयसिंह : माघारी डुक्कर आहे, मरेल ती.

छबुबाई : डुकराला बगल दे की. एवढा शिकलेला हायस. हां, असं! वाकून गेली बघा. आता नंदीवरनं पुढं, त्या अंगानं. जा, जा, जा. आली पन्हळ. शिवू नको! फीर. आता ये परत नंदीपाशी. असं फिरावं माणसानं. ह्यात काय... अगं बाई! घंटा कुठं वाजायली?

विजयसिंह : आयला!

शिवांजली : आजी! आजी, बघ!

छबुबाई : हे काय झालं? पांढरं... समदं पांढरं फट! फुटलंय की कापूस! आन् ते डुक्कर बघा, थोरल्या बाई, डुक्कर बसलंय नंदीशेजारी! मी काही केलं न्हाई हां, ह्या पोरानंच... गेलं? काळं झालं की पुन्हा!

शिवांजली : लाईट गेली, काकीआजी. बारा वाजले.

गंगासागरबाई : आता बोलू का गं?

शिवांजली : बोल! बोल, आजी!

विजयसिंह : एक मिनिट. सर, गुपित लाईट जायच्या आधी उघडलं. आन् बटनं कुणी दाबली? मी. म्हणजे मला सापडलं. म्हणजे ही बाद, आन् सुट्टीची पाळी माझी.

गंगासागरबाई : तुला सापडलं? आरं, आमच्या नांदूरघाटहून हितवर जीपचं स्टेरिंग डायव्हरच्या हातात होतं, म्हून माझी नात त्याची झाली का? बोटं तुझी होती, खरं हाय. पर त्या बोटांना कुठं फिरावं ते कोण सांगत होतं? माझी जाऊ. जिनं ह्या पेटीला हातबी लावला न्हाई. तू कोपर लावलंस, डुक्कर शिववलंस, पोरीला लबाड म्हणलास, आन् महादेवाला सजावट म्हणलास! एवढा वेळ मी पदर चावत बसलेय, बघ, दात उमटलेत पदरावर.

छबुबाई : आल्या! आवाज आला ह्यांचा! मला घोर लागला होता.

गंगासागरबाई : गप गं तू. न्हाई, तू बोल. आज तू बोल. पर आधी ह्याला बोलू दे. सांग रे विजयसिंहा, सरांसमोर सांग. देवाला जातोस का कधी?

विजयसिंह : दर सोमवारी जातो.

गंगासागरबाई : पन्हळ ओलांडतोस?

विजयसिंह : नाही. माघारी वळतो.

गंगासागरबाई : मग हितं?

विजयसिंह : ...हितं दिसलीच नाही. समोर होती सगळा वेळ. मीच म्हणालो पन्हळ आहे म्हणून. नाही सर, मला नाही सापडलं. या आजींना सापडलं.

शिवांजली : सर... सर, मग सकाळची पाळी?

गंगासागरबाई : काय म्हणला? पोरीकडं बघून मान हलवली न्हवं त्यानं? हो म्हून हलवली का न्हाई म्हून?

शिवांजली : हो म्हून, आजी! हो म्हून! सगळी सुट्टी!

विजयसिंह : शिवांजली, त्या विसरणाऱ्या मशीनला तू लक्षात कसं ठेवायला लावलंस? बाई कुठनं आली ते त्याला कळलं कसं?

शिवांजली : गाठ मारली.

विजयसिंह : कसली गाठ?

शिवांजली : सकाळी ये. पाळी माझी हाय, पर शेजारी खुर्ची हाय. कोपर घरी ठेवून ये.

गंगासागरबाई : चला आता. छबू, चपला घाल. तुझ्या बांगड्यांचे पैसे आज मी देते.

छबुबाई : तुमी? कावून?

गंगासागरबाई : कावून म्हंजे? हिरव्या घे, चांगल्या कोपरापर्यंत. मला वाटलं नव्हतं तुला सापडंल म्हून.

छबुबाई : वाटलं नव्हतं म्हंजे? तुमी काय दडवलं होतं, आन् मला काय सापडलं, मला अजून नीट कळलं न्हाई. मी त्या पोराला रागावले एवढंच.

शिवांजली : तेच तर, काकीआजी. सर म्हणलेत, सुट्टीत दर आठवड्याला नवं गुपित. आजी, आता काय दडवायचं?

गंगासागरबाई : बघू की, घरी परात हाय. छबू, तूबी येत जा माझ्याकडं. तिघी मिळून दडवू.

छबुबाई : न्हाई बाई, मला आत घेऊ नका. मी भाईर ओट्यावर बसते. तुमचं दडवून झालं की मला हाक मारा.